एक पाण्याने घडतं, दुसरं आचेने

अमेरिकेत ॲरिझोना राज्यात फिनिक्स नावाचं शहर आहे. जून-जुलैत तिथे पारा 43 अंशांच्या पुढे सहज जातो. अशा उन्हात एक माणूस साधी पँट आणि बाहेर सोडलेला सुती सदरा घालून किराणा आणायला निघतो. गाडीत बसतो, उतरतो, खालच्या फळीवरची पिठाची पिशवी वाकून उचलतो, मुलाला कडेवर घेतो. या सगळ्या वेळात त्याच्या कमरेला, सदऱ्याखाली, पँटच्या आतल्या बाजूला भरलेलं पिस्तूल असतं. गोळ्यांसकट वजन साधारण 850 ग्रॅम. शेजारून जाणाऱ्याला त्याची चाहूलही लागत नाही. पिस्तूल सरकत नाही, निसटत नाही, आणि मुख्य म्हणजे त्यातून गोळी सुटत नाही.

हे सगळं सांभाळतं कोण? दोन-तीन मिलिमीटर जाडीचं एक कवच. होल्स्टर!

ॲरिझोनात 2010 पासून प्रौढ माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल असं झाकून बाळगता येतं, आणि आज अमेरिकेतल्या निम्म्याहून अधिक राज्यांत तशी मुभा आहे. ती असावी की नसावी यावर तिथे घराघरांत वाद झडतात. आपण मात्र त्या कवचाकडेच बघू, कारण ते घ्यायला गेलेल्या प्रत्येकासमोर एक प्रश्न येतो: कातडं घ्यायचं की साच्यात घडवलेलं प्लॅस्टिक? वरवर बघता हा आवडीनिवडीचा मामला वाटतो. पण जरा खोलात शिरा. त्यात जनावराच्या कातडीतला एक अद्भुत रेणू आहे, आपल्या सह्याद्रीतला हिरडा आहे, विमानाच्या आतलं प्लॅस्टिक आहे, आणि मद्रासचा एक भौतिकशास्त्रज्ञसुद्धा आहे.

आधी होल्स्टरचं खरं काम समजून घेऊ. पिस्तूल लटकवायची सोय म्हणजे होल्स्टर, असं आपण धरून चालतो. पूर्वी ते बऱ्याच अंशी खरंही होतं. 1911 सालच्या प्रसिद्ध कोल्ट पिस्तुलाला अंगठ्याने खाली करायचा एक खटका असतो, शिवाय मूठ घट्ट आवळल्याशिवाय चाप चालत नाही. आणि 1920च्या दशकात टेक्सासमधल्या एल पासो इथल्या टॉम थ्रीपर्सन्स नावाच्या कायद्याच्या रखवालदाराने एस. डी. मायर्स या कारागिराकडून जे होल्स्टर करवून घेतलं, त्यात चाप चक्क उघडा होता! हात पडला की बोट थेट चापावर. त्या काळी ते चपळाईचं लक्षण मानलं जाई, आणि पुढे कितीतरी वर्षं अमेरिकेतल्या होल्स्टरांवर त्या घाटाची छाप राहिली.

मग 1982 साली ऑस्ट्रियात गॅस्टन ग्लॉक यांचं पिस्तूल आलं. त्याच्या अंगावर बाजूचा खटका नाही. आत तीन सुरक्षा-योजना आहेत, पण तिन्ही एकाच गोष्टीने उठतात: चाप दाबला की. आणि चाप दाबायला लागतो सुमारे अडीच किलोचा जोर. आज झाकून बाळगली जाणारी बहुतेक पिस्तुलं याच घराण्यातली. त्या चापाला बोट कुठलं आणि सदऱ्याचं टोक कुठलं हे काय कळणार? किल्ल्यांचा जुडगा असो, जॅकेटची नाडी असो, अडीच किलोचा जोर पडला की गोळी सुटली.

म्हणजे बघा, बाजूचा जो खटका पिस्तुलावरून गेला, तो जणू होल्स्टरमध्ये येऊन बसला. चापाच्या दोन्ही बाजूंना एक ताठ भिंत उभी करायची आणि ती दिवसभर, वर्षानुवर्षं, घामात, उन्हात, बसता-उठता तशीच उभी ठेवायची, हे या कवचाचं पहिलं काम. बाकी सगळं त्यानंतर. कातडं आणि प्लॅस्टिक यांची परीक्षा याच कामावर घ्यायची.

कातड्यापासून सुरुवात करू.

कातडी म्हणजे मुख्यतः कोलॅजेन नावाचं प्रथिन. आपल्या शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी जवळपास 30 टक्के तेच असतं. त्याचा एक रेणू सुमारे 300 नॅनोमीटर लांब आणि फक्त दीड नॅनोमीटर जाड. जाडीच्या दोनशे पट लांबी! आणि त्याची रचना? तीन पेडांचा दोर वळणाऱ्याचे हात आठवा. एकेक पेड तो एका दिशेने पिळतो आणि तिन्ही पेड एकमेकांभोवती उलट दिशेने वळतो, म्हणून ताण पडला की दोर सुटायच्या ऐवजी आणखी आवळतो. कोलॅजेनमध्ये हुबेहूब हेच आहे. तीन साखळ्या, प्रत्येक साखळी डावीकडे पीळ घेतलेली, आणि तिघींचा मिळून पीळ उजवीकडे. माणसाला दोर वळायचं सुचलं त्याच्या कोट्यवधी वर्षं आधीपासून प्राण्यांच्या अंगात हे चालू आहे.

ही रचना कुणी उलगडली? मद्रास विद्यापीठातल्या जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी. कांगारूच्या शेपटीतल्या स्नायुबंधाची क्ष-किरण चित्रं त्यांच्यासमोर होती. 1954 साली त्यांनी 'नेचर'मध्ये तीन साखळ्यांची रचना मांडली. त्या वेळी साखळ्या एकमेकींशेजारी सरळ उभ्या होत्या. पुढच्याच वर्षी, 1955 साली, त्यांनी त्या तिघींना एकमेकींभोवती पीळ दिला आणि चित्र जुळलं. त्यातली खुबी तर ऐकाच. तीन साखळ्यांच्या ऐन मध्यभागी इतकी कमी जागा उरते की तिथे फक्त सगळ्यांत छोटं अमिनो आम्ल, ग्लायसिन, मावतं. म्हणून हजारभर दुव्यांच्या त्या साखळीत दर तिसरा दुवा ग्लायसिनचाच. एकही नेम चुकत नाही!

हा दोर कच्चा असताना मात्र नाजूक असतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही असं आपण म्हणतो. कच्चं कातडं साठ-पासष्ट अंशांच्या पाण्यात घाला, तिथे आधी पीळच जातो. तिन्ही साखळ्या सुटतात, कातडं आक्रसतं आणि पुढे त्याचं जिलेटिन होतं. नुसतं ठेवलं तर सडतं. म्हणून कातडं कमवावं लागतं.

कमावणं म्हणजे झाडांच्या सालीतला, फळांतला, लाकडातला तुरट रस कातड्यात मुरवणं. हिरडा चघळल्यावर तोंड आवळतं ना? तोच तुरटपणा इथे कामाला येतो. त्या रसातले टॅनिनचे रेणू कोलॅजेनच्या दोरांमध्ये शिरतात आणि शेजारच्या दोरांना एकमेकांशी जागोजागी बांधून टाकतात. सडवणाऱ्या जिवाणूंना मग शिरकाव मिळत नाही, आणि आक्रसण्याचं तापमान 75 ते 85 अंशांपर्यंत चढतं. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात. अमेरिकेत ओक आणि हेमलॉक या झाडांची साल वापरत, चेस्टनटचं लाकूड वापरत. सेंट लुईस शहरातली हरमन ओक ही कंपनी 1881 पासून वनस्पतींच्या अर्कात कातडं कमावते आहे, आणि अमेरिकेतले होल्स्टर करणारे नामी कारागीर आजही तिचं कातडं मागवतात. झाडं वेगळी, खंड वेगळे, रसायन तेच.

पण आज जगातलं बहुतेक कातडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावलं जातं. ते झटपट होतं, मऊ होतं, उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही. मग होल्स्टरवाले या जुन्या, वेळखाऊ, सालीच्या कातड्याचाच हट्ट का धरतात?

कारण एक चमत्कार फक्त त्यातच होतो. सालीत कमावलेलं, तीन-साडेतीन मिलिमीटर जाडीचं कातडं कोमट पाण्यात काही क्षण बुडवा. पाणी आत शिरतं आणि दोरांना बांधणारे हलके बंध सैल करतं. कातडं वळतं, ताणलं जातं, दाबाल तिथे दबतं. आता ते पिस्तुलावर, म्हणजे पिस्तुलाच्या हुबेहूब नकलेवर, चढवा आणि सुकू द्या. पाणी बाहेर पडताना तंतू जिथे होते तिथेच पुन्हा बांधले जातात. नव्या जागी, नव्या आकारात! क्रोमच्या कातड्यातले बंध फार पक्के, पाण्याने ते सुटत नाहीत, म्हणून ते वाळलं की पुन्हा आपलं मऊ आणि आकारहीन. ज्याचे बंध थोडे कच्चे, तेच आकार धरतं.

कारागिराचे हात इथे जवळून बघण्यासारखे असतात. शिलाई आधीच झालेली असते, एकाच मेणवलेल्या दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून, दोन्ही बाजूंनी एकाच छिद्रातून ओढत घातलेली. या शिलाईचा एखादा टाका तुटला तरी शेजारचे टाके उसवत नाहीत. मग ओलं होल्स्टर नकलेवर चढतं. आधी दाब देऊन कातडं सगळीकडून बसवतात, आणि नंतर हाडाचं किंवा गुळगुळीत प्लॅस्टिकचं एक बोथट हत्यार घेऊन कारागीर चापाच्या कड्याची कड शोधतो. ओल्या कातड्यावरून हत्यार फिरतं तशी रेघ उमटत जाते. पहिल्या फेरीत पुसट, दुसरीत ठळक. गोळीचं रिकामं कवच बाहेर पडतं त्या खिडकीचा काठ, वरच्या पोलादी भागाची सरळ धार, चापाच्या कड्याचा गोल. हळूहळू आतलं पिस्तूल बाहेरून वाचता येऊ लागतं. रात्रभर सुकलं की त्या रेघा कडक होतात, आणि त्याच पिस्तुलाला धरून ठेवतात.

नवी कोल्हापुरी आधी चावते आणि मग पायाचा आकार घेते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्याचं कारणही हेच! घामाचा ओलावा, पायाचा दाब आणि मग सुकणं, रोज थोडं थोडं. कातड्याचं होल्स्टरही असंच वागतं. आतून ते पिस्तुलाचा आकार घेतं आणि बाहेरून घालणाऱ्याच्या कमरेचा. महिन्याभरात ते त्याच्या हाडाभोवती असं वळतं की आहे हे विसरायला होतं. आणखी एक गंमत मला सारखी जाणवते. होल्स्टरची मागची बाजू जिथे माणसाच्या कातडीला टेकते, तिथे दोन्ही बाजूंना रेणू एकच आहे. गाईचं कोलॅजेन आणि माणसाचं कोलॅजेन.

पण हा जो गुण, तोच दोष. जे रोज थोडं आकार घेतं, ते रोज थोडं आकार सोडतंही.

घाम म्हणजे मीठ आणि पाणी, थोडं लॅक्टिक आम्ल. तो कातड्यात मुरतो, बंध सैल करतो, आणि रोजचं बसणं-उठणं त्या सैल बंधांना हवं तसं वाकवतं. त्यात हौसेने तेल पाजलं की झालंच. नीट्सफूट तेल, म्हणजे जनावरांच्या पायांच्या हाडांतून काढलेलं तेल, कातडं मऊ करण्यासाठीच असतं. बूट मऊ झालेला चालतो. होल्स्टरचं तोंड मऊ झालं तर पिस्तूल काढल्यावर ते पट्ट्याच्या दाबाने मिटतं, त्याची कड आत मुडपते, आणि पिस्तूल परत ठेवताना ती मुडपलेली कड चापाच्या कड्यात शिरू शकते. आता अडीच किलो आठवा. माणूस निर्धास्तपणे पिस्तूल खाली दाबतो आहे, बोट चापावर नाही, आणि कातडंच चाप दाबतं आहे. झिजलेल्या कातडी होल्स्टरांमुळे असे अपघात खरोखर झाले आहेत, माणसं स्वतःच्याच गोळीने जखमी झाली आहेत.

यावर एक सुरेख उपाय कॅलिफोर्नियातल्या ब्रूस नेल्सन या पोलिसाने काढला. अमली पदार्थविरोधी पथकात तो साध्या वेशात काम करत असे, म्हणजे लपवणं ही त्याची रोजची निकड. त्याच्या 'समर स्पेशल' होल्स्टरमध्ये तोंडाशी कातड्याच्या दोन थरांमध्ये धातूची पातळ पट्टी शिवलेली होती. पिस्तूल काढलं तरी तोंड उघडंच! शिवाय त्याने कातडं उलटं लावलं: गुळगुळीत बाजू आत, पिस्तूल सहज निघावं म्हणून, खरखरीत बाजू बाहेर, कपड्यांना धरून राहावी म्हणून. आयडाहोतल्या मिल्ट स्पार्क्सने ते घडवून विकायला सुरुवात केली, आणि आजही चांगलं कातडी होल्स्टर म्हटलं की त्याच्या तोंडाशी अशी पट्टी बघायला मिळते.

आता प्लॅस्टिक. 'प्लॅस्टिक' म्हटल्यावर मनात जी बादली येते ती बाजूला ठेवा.

1965च्या सुमारास फिलाडेल्फियाच्या रोम अँड हास कंपनीने विमानांच्या अंतर्भागासाठी एक पत्रा तयार केला. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानांना काचेसारखी पारदर्शक नाकं लावली होती, ती प्लेक्सिग्लास नावाच्या ॲक्रिलिकची; ते याच कंपनीचं. या वेळी तिने ॲक्रिलिकमध्ये पीव्हीसी मिसळलं आणि नाव दिलं कायडेक्स. ॲक्रिलिकने ताठपणा दिला, पीव्हीसीने चिवटपणा. शिवाय पीव्हीसी सहजासहजी पेटत नाही, कारण त्याच्या वजनाचा 57 टक्के भाग क्लोरीन असतो. आणि हे क्लोरीन येतं कुठून? मिठाच्या पाण्यातून वीज सोडून! म्हणजे या पत्र्याच्या वजनात साध्या मिठाचा वाटा मोठा आहे. मीठ घामातून आलं तर कातडं बिघडवतं, आणि इथे तेच मीठ घामाला दाद न देणाऱ्या कवचाच्या अंगात बसलं आहे.

1972 साली एफबीआयमध्ये काम केलेल्या बिल रॉजर्स यांनी या विमानाच्या पत्र्यापासून होल्स्टर केलं. तिथून जी वाट सुरू झाली तिने अमेरिकन पोलिसांच्या कमरेचं रूपच पालटलं.

ते घडतं कसं बघा. दोन मिलिमीटर जाडीचा पत्रा, हाताने वाकवू गेलात तर टणक. तो भट्टीत किंवा तापलेल्या तव्यांच्या दाबयंत्रात 160-170 अंशांपर्यंत तापवतात. पत्रा हळूहळू मान टाकतो, हातमोज्यांतल्या बोटांवरून ओघळू लागतो. वितळलेला मात्र नसतो. आत काय झालं असतं? पीव्हीसीच्या लांबलचक साखळ्या सुमारे 80 अंशांपर्यंत जागच्या जागी गोठलेल्या असतात, ॲक्रिलिकच्या सुमारे 105 अंशांपर्यंत. त्यापुढे त्यांना हलायला मोकळीक मिळते. एकमेकींत गुंतलेल्या त्या साखळ्या आता सरकतात, ताणल्या जातात, पण गुंता सोडत नाहीत. तो लवचीक पत्रा पिस्तुलाच्या नकलेवर टाकायचा, वर जाड फोम ठेवून दाबायचं, किंवा खालची हवा ओढून घ्यायची. काही मिनिटांत निवतो. निवला की संपलं, आकार कायम. कातड्याला जिथे रात्र लागते, तिथे याला चहा होईपर्यंतचा वेळ.

नक्कल नुसती ठेवून भागत नाही. पिस्तुलाच्या टोकाशी नेम धरायची बारीक माशी असते, ती काढताना अडू नये म्हणून नकलेच्या माथ्यावर आधी एक गोल काठी चिकटवतात, म्हणजे पत्र्यात माशीसाठी पन्हळ तयार होते. कातडं अशा वेळी थोडं दबून वाट देतं. प्लॅस्टिक देत नाही, त्याला आधीच सांगून ठेवावं लागतं.

आणि मग तो आवाज. पिस्तूल आत ढकललं की 'टक्'. प्लॅस्टिकच्या होल्स्टरचा सगळा जीव त्या 'टक्'मध्ये आहे. चापाच्या कड्यापाशी पत्रा किंचित आत दाबलेला असतो. पिस्तूल जाताना ती कड बाहेर झुकते आणि कडं पार झालं की उसळी मारून परत बसते. कातडं पिस्तुलाला सगळ्या अंगाने घासून धरतं, प्लॅस्टिक एकाच जागी स्प्रिंगसारखं धरतं. म्हणून कातड्याची पकड पावसाळी हवेत वेगळी आणि कोरड्या हवेत वेगळी. प्लॅस्टिकची पकड पहिल्या दिवशी जी, तीच हजार वेळा काढघाल केल्यावरही, कारण पत्रा दर वेळी थोडासाच वाकतो आणि पूर्ण परत येतो. सैल वाटलं तर रबरी वायसरवरचा स्क्रू पाव फेरा आवळायचा. आणि पिस्तूल काढल्यावर तोंड? उघडंच. एका हाताने, न चाचपडता, परत ठेवता येतं. ज्या कामावर आपण परीक्षा घ्यायची ठरवली होती, त्यात प्लॅस्टिक जन्मतःच पास आहे.

पण याच्या स्मरणशक्तीची एक विलक्षण गोष्ट आहे. घडवलेलं होल्स्टर पुन्हा त्याच तापमानाला नेलं तर ते आपणहून उलगडतं आणि पुन्हा सपाट पत्रा व्हायला बघतं! ताणून गोठवलेल्या साखळ्या मोकळीक मिळताच आपल्या मूळ गुंत्याकडे परततात. आकार आपण दिलेला, सपाटपणा पत्र्याचा स्वतःचा. कारागिराला याचा फायदा होतो, चूक झाली तर पत्रा पुन्हा तापवायचा. घेणाऱ्याला मात्र जपावं लागतं. फिनिक्सच्या उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर होल्स्टर राहिलं तर तिथली उष्णता पत्र्याला ढिला करण्याइतकी चढू शकते. त्यासाठी 160 अंश लागत नाहीत. पंच्याहत्तरच्या आसपासच तो दाबाखाली नमू लागतो. आणि चापापाशी एखादा मिलिमीटर इकडेतिकडे झाला की 'टक्' गेलाच.

बाकीच्या तक्रारी लहान. प्लॅस्टिक बरगडीला टोचतं, कमरेचा आकार घेत नाही, धुळीचा कण आत अडकला तर पिस्तुलाच्या पॉलिशवर ओरखडे उठतात, काढताना आवाज होतो. घाम ते पीत नाही, पण आत साचलेला घाम लोखंडाजवळच ठेवतं. पुसायचं काम तुमचंच. गंजाच्या बाबतीत कातडंही निर्दोष नाही. सालीत कमावलेलं कातडं आम्लधर्मी असतं, त्यात पिस्तूल महिनोन्‌महिने ठेवलं तर गंज धरतो आणि पितळी काडतुसांवर हिरवा थर चढतो. घरी आल्यावर पिस्तूल होल्स्टरमध्ये ठेवून देण्याची सवय म्हणून वाईट.

आता लपवण्याकडे वळू. लपवायला अवघड काय? नळी नव्हे, ती तर पँटच्या आत उतरते. अवघड असते मूठ. ती पट्ट्याच्या वर असते आणि सदऱ्याला मागून तंबूसारखी वर उचलते. यावर प्लॅस्टिकवाल्यांनी शोधलेला उपाय पाहून मन प्रसन्न होतं. होल्स्टरच्या बाजूला चापाजवळ एक छोटा पंजा स्क्रूने लावतात. पट्टा आवळला की तो पंज्याला आत दाबतो, होल्स्टर उभ्या अक्षावर किंचित फिरतं, आणि मूठ पोटाकडे वळते. तळाशी फोमची उशी चिकटवली की खालचं टोक बाहेर ढकललं जातं आणि वरचं टोक अंगाकडे झुकतं. दोन साध्या तरफा, आणि अख्खी मूठ गायब! ताठ पत्र्याला असे स्क्रू आणि पंजे हवे तसे लावता येतात, काढता येतात. कातड्यात हे जमवणं कष्टाचं.

आणि हे सगळं ज्याच्या भरवशावर चालतं तो पट्टा विसरू नका. मऊ पट्टा असेल तर उत्तमातलं उत्तम होल्स्टरही लोंबतं, कलंडतं. पट्ट्याचं मोल ज्याला सगळ्यांत आधी कळलं असेल असा माणूस आपल्याच देशात लढला होता. सॅम्युएल ब्राउन हा ब्रिटिश घोडदळातला अधिकारी 1858 साली रोहिलखंडातल्या लढाईत डावा हात गमावून बसला. तलवार उपसताना म्यान धरायला दुसरा हात नाही, मग त्याने कमरेच्या रुंद पट्ट्याला खांद्यावरून तिरपा जाणारा दुसरा पट्टा जोडला. म्यानही स्थिर, पिस्तुलाचं होल्स्टरही स्थिर. तो 'सॅम ब्राउन' पट्टा जगभरच्या सैन्यांनी उचलला, आणि आपल्या पोलिस अधिकाऱ्यांच्या गणवेशात तो आजही दिसतो.

मग घ्यायचं काय? माझं मत स्पष्ट आहे. खटका नसलेलं आधुनिक पिस्तूल, अंगाला चिकटून, रोज, घामाच्या हवेत बाळगायचं असेल तर साच्यातलं प्लॅस्टिकच. तिथे तोंडाचा आणि चापाचा ताठपणा हाच पहिला निकष आणि त्यात कातड्याला त्याची बरोबरी करता येत नाही. खटका असलेलं जुन्या घडणीचं पिस्तूल असेल, होल्स्टर पट्ट्याच्या बाहेर, कोटाखाली घालायचं असेल, आणि तासन्‌तास बसून काम असेल, तर धातूच्या पट्टीचं चांगलं कातडं घ्यावं. त्याइतकं अंगाला मानवणारं दुसरं काही नाही. मागे कातडं आणि पुढे प्लॅस्टिक अशी मिश्र होल्स्टरंही मिळतात. ती आरामाची खरी, पण त्यांच्या मागच्या कातड्याची वरची कडही वर्षा-दोन वर्षांत मऊ पडून आत झुकू शकते, तेव्हा त्यांनाही कातड्याचाच नियम लावा.

अमेरिकेत राहणाऱ्या ज्या मराठी वाचकांवर ही निवड करायची वेळ येईल, किंवा ज्यांच्या घरात असं होल्स्टर आधीच असेल, त्यांना एक कळकळीची विनंती. महिन्यातून एकदा पिस्तूल पूर्ण रिकामं करा, ते रिकामं आहे याची दोनदा खात्री करा आणि बाजूला ठेवा. मग नुसतं होल्स्टर पट्ट्यावर चढवा, पट्टा रोजच्याइतका आवळा आणि तोंडाकडे बघा. कातडं असेल तर कड आत झुकते का, प्लॅस्टिक असेल तर कुठे केसाएवढी चीर दिसते का, चापाची जागा बाहेरून दाबल्यावर आत जाते का. यातलं एकही उत्तर 'हो' आलं, तर ते होल्स्टर कितीही महागाचं, कितीही लाडकं असो, त्याच दिवशी टाकून द्या.